‘टर्न ऑफ इट’ का चालत नाही?

संध्याकाळी काही मोठी माणसं माझ्याकडे इंग्रजी शिकायला येतात. परवा त्यांतल्या एकीने वही उघडून माझ्यापुढे ठेवली. पानावर दोन जोड्या लिहिलेल्या होत्या.

‘लुक ॲट द स्क्रीन. लुक ॲट इट.’
‘टर्न ऑफ द स्क्रीन. टर्न ऑफ इट.’

हीच वाक्यं तिने आधी फोनवर टाइप केली होती आणि फोनने शेवटच्या वाक्याखाली लाल रेघ ओढली होती. ‘टर्न इट ऑफ’ असं लिहा, असं फोनचं म्हणणं. ती म्हणाली, “ताई, वरच्या जोडीत ‘स्क्रीन’ काढून ‘इट’ घातलं, खालच्या जोडीतही तेच केलं. मग एक बरोबर आणि एक चूक, हे कसं?”

प्रश्न अगदी रास्त आहे. बहुतेक पुस्तकं त्याला ‘असा नियम आहे’ एवढंच उत्तर देतात, आणि त्यामुळेच तो नियम डोक्यात राहत नाही. त्यामागचं कारण मात्र एकदा कळलं की शेकडो वाक्यं आपोआप सरळ होतात. म्हणून ते जरा निवांतपणे बघू.

दिसायला सारखे, कामाला वेगळे

इंग्रजीत ‘अप’, ‘ऑफ’, ‘ऑन’, ‘आउट’, ‘ओव्हर’, ‘थ्रू’ असे छोटे शब्द आहेत. शाळेत त्या सगळ्यांना आपण सरसकट प्रिपोझिशन म्हणायला शिकतो. गोंधळाची सुरुवात तिथेच होते, कारण हे शब्द दोन वेगवेगळ्या नोकऱ्या करतात.

पहिली नोकरी खऱ्या प्रिपोझिशनची. आपल्याकडे ‘-वर’, ‘-कडे’, ‘-साठी’ हे शब्द नामाला चिकटतात: टेबलावर, खिडकीकडे, मुलासाठी. इंग्रजीत हेच काम करणारा शब्द नामाच्या आधी येतो, पण त्याचं नातं नामाशीच असतं. ‘लुक ॲट द स्क्रीन’मधलं ‘ॲट द स्क्रीन’ म्हणजे आपलं ‘स्क्रीनकडे’. त्याची फोड होत नाही.

दुसऱ्या नोकरीत तोच छोटा शब्द क्रियापदाचा जोडीदार होतो. ‘टर्न ऑफ’मधल्या ‘ऑफ’चं ‘स्क्रीन’शी काही देणंघेणं नाही. ‘टर्न’ आणि ‘ऑफ’ मिळून ‘बंद करणे’ हा एक अर्थ तयार होतो. अशा जोडीला फ्रेझल व्हर्ब म्हणतात, आणि त्यातल्या छोट्या शब्दाला पार्टिकल. नवे शब्द एवढेच. पुढे नवी संज्ञा येणार नाही.

दोन्ही नोकऱ्या एकाच शब्दात बघायच्या असतील तर ही जोडी घ्या: ‘ही रॅन अप द हिल’ आणि ‘ही रॅन अप अ बिल’. पहिल्यात तो धावत टेकडीवर गेला. दुसऱ्यात त्याने खर्च करत करत बिल फुगवलं. टेकडीच्या वाक्यात ‘अप द हिल’ हा एक गट आहे. बिलाच्या वाक्यात गट आहे ‘रॅन अप’चा, बिलावर कोणी चढत नाही. आता दोन्हींत ‘इट’ घाला. टेकडी असेल तर ‘ही रॅन अप इट’, बिल असेल तर ‘ही रॅन इट अप’.

असं दुहेरी वाचन मराठीतही होतं, फक्त आपलं लक्ष जात नाही. ‘पत्र लिहून टाक’ या वाक्याचा एक अर्थ, एकदाचं लिहून मोकळा हो. इथे ‘टाक’ला फेकण्याशी किंवा पेटीत सोडण्याशी कर्तव्य नाही, ते ‘लिहून’ला काम पुरं करण्याची छटा देतं. दुसरा अर्थ, पत्र लिही आणि मग ते पेटीत टाक. इथे ‘टाक’ खरोखरच टाकतं. फरक तपासायचा असेल तर मध्ये ‘पेटीत’ घालून बघा: ‘पत्र लिहून पेटीत टाक’. आता पहिला अर्थ उरतच नाही. शब्द तेच, पण कोण कोणाचा जोडीदार हे बदललं की वाक्याची बांधणी बदलते. ‘रॅन अप’मध्ये हेच घडतंय.

साम्य आणखीही आहे. ‘खाऊन टाक’, ‘पिऊन टाक’, ‘संपवून टाक’ यांतलं ‘टाक’ आणि ‘ईट अप’, ‘ड्रिंक अप’, ‘यूज अप’ यांतलं ‘अप’ यांचं काम जवळजवळ एकच आहे: काही शिल्लक ठेवू नकोस. ‘अप’ म्हणजे ‘वर’ एवढंच धरून बसलेला माणूस ‘ईट अप’पाशी अडखळतो. ‘टाक’ ज्याच्या रोजच्या बोलण्यात आहे त्याला अडखळायचं कारण नाही.

सर्वनाम मध्येच का शिरतं?

कर्म नाम असेल तर फ्रेझल व्हर्ब दोन्ही मांडण्या चालवून घेतं. ‘टर्न ऑफ द लाइट’ आणि ‘टर्न द लाइट ऑफ’, दोन्ही बरोबर. ‘द लाइट’च्या जागी ‘इट’ आलं की मात्र ‘टर्न इट ऑफ’ एवढीच मांडणी उरते.

याचं कारण इंग्रजी वाक्याच्या चालीत आहे. इंग्रजी वाक्यात शेवटची जागा मानाची असते. नवी माहिती, वजनदार शब्द, ज्याच्यावर भर द्यायचा ते सहसा शेवटी येतं. ‘इट’, ‘हिम’, ‘हर’, ‘देम’, ‘मी’, ‘अस’ ही सर्वनामं याच्या अगदी उलट आहेत. त्यांत नवं काही नसतं. ‘इट’ म्हटलं की कशाबद्दल बोलणं चाललंय ते दोघांनाही आधीच ठाऊक असतं. उच्चारही इतका हलका की तो शेजारच्या शब्दात विरघळतो. ‘पिक इट अप’ भराभर बोललेलं ऐका, ‘पिकिटप’ असं ऐकू येतं. ‘टर्न इट ऑफ’चं ‘टर्निटॉफ’ होतं. अशा हलक्या, जुन्या माहितीच्या शब्दाला शेवटच्या मानाच्या जागेवर बसवलं तर वाक्य लंगडतं. म्हणून सर्वनाम आत सरकतं आणि शेवट पार्टिकलला मिळतो. नवी बातमीही पार्टिकलमध्येच आहे: बंद की चालू, आत की बाहेर.

हीच गोष्ट उलट बाजूनेही खरी ठरते. कर्म जितकं लांब आणि वजनदार, तितकं ते शेवटाकडे ओढलं जातं. ‘टर्न ऑफ द लाइट दॅट यू लेफ्ट ऑन लास्ट नाइट’ हे कानाला बरं वाटतं. ‘टर्न द लाइट दॅट यू लेफ्ट ऑन लास्ट नाइट ऑफ’ म्हटलं तर ऐकणारा ‘ऑफ’ची वाट बघून थकतो. कर्माच्या जागी सबंध उपवाक्य असेल तर मधली जागा मिळतच नाही. ‘फाइंड आउट व्हॉट हॅपन्ड’ असंच म्हणायचं, ‘आउट’ शेवटी टाकता येत नाही.

म्हणजे ‘सर्वनाम मध्ये’ हा सुटा, लहरी नियम नाही. हलकं आधी आणि जड नंतर या एकाच चालीचं ते टोक आहे. सर्वनाम सगळ्यांत हलकं म्हणून मध्ये, उपवाक्य सगळ्यांत जड म्हणून शेवटी, आणि साधं नाम अधलंमधलं म्हणून दोन्हीकडे.

मग ‘लुक ॲट इट’ला ही चाल का लागू नाही?

हा आक्षेप हुशार विद्यार्थी लगेच घेतात. ‘इट’ हलकं असेल तर ‘लुक इट ॲट’ का नाही?

कारण ‘ॲट’ही तितकंच हलकं आहे, आणि ते ‘इट’शी बांधलेलं आहे. ‘त्याच्याकडे’मधलं ‘-कडे’ सोडवून आपण वाक्यात दुसरीकडे ठेवू शकत नाही, तसंच हे. ‘लुक ॲट इट’मध्ये जोर आहे ‘लुक’वर, उरलेले दोन शब्द त्याच्या मागून घरंगळत येतात. ‘टर्न इट ऑफ’मध्ये जोर ‘ऑफ’वर जातो. हीच दोघांना ओळखायची सगळ्यांत सोपी खूण.

वर्गात मी टेबलावर बोटाने ठोका द्यायला सांगते. ‘*लुक* ॲट इट’, ठोका पहिल्या शब्दावर. ‘*वेट* फॉर हिम’, पहिल्यावर. ‘टर्न इट *ऑफ*’, शेवटच्यावर. ‘पुट देम *ऑन*’, शेवटच्यावर. पाच मिनिटं ठोके दिले की डोळे मिटूनही फरक कळायला लागतो. याद्या पाठ करणाऱ्यांना जे महिन्याभरात साधत नाही ते कानाला पाच मिनिटांत उमगतं, हे मी पुन्हा पुन्हा पाहिलं आहे.

एक अपवाद इथेच सांगून ठेवते. ‘ओव्हर’, ‘थ्रू’, ‘आफ्टर’, ‘इन्टू’ हे शब्द ‘ॲट’ आणि ‘फॉर’पेक्षा लांब आहेत. प्रिपोझिशन असतानाही त्यांच्यावर थोडा जोर येऊ शकतो, त्यामुळे तिथे ठोका फसवतो. अशा वेळी दुसरी परीक्षा घ्यायची: मध्ये ‘केअरफुली’सारखा शब्द घालून बघायचा. ‘लुक केअरफुली ॲट इट’ चालतं, ‘लुक केअरफुली इन्टू इट’ही चालतं, म्हणजे दोन्हीकडे प्रिपोझिशन आहे. ‘टर्न क्विकली ऑफ द लाइट’ चालत नाही, कारण क्रियापद आणि पार्टिकल यांच्यामध्ये असा शब्द घुसू शकत नाही. मध्ये येण्याचा मान कर्माचा.

आता एकाच ‘लुक’ची माणसं बघा. ‘लुक ॲट इट’ (त्याच्याकडे बघ), ‘लुक फॉर इट’ (ते शोध), ‘लुक आफ्टर इट’ (त्याची काळजी घे), ‘लुक इन्टू इट’ (त्यात लक्ष घाल, चौकशी कर): चारही ठिकाणी प्रिपोझिशन, म्हणून ‘इट’ शेवटी. आणि ‘लुक इट अप’ (शब्दकोशात वगैरे शोधून बघ): इथे पार्टिकल, म्हणून ‘इट’ मध्ये. पुस्तकांत ही पाचही एकाखाली एक, एकाच शीर्षकाखाली छापलेली असतात. शिकणाऱ्याने ती एकसारखी समजली तर दोष त्याचा नाही.

‘चुकलं तरी समजतं ना?’

बऱ्याचदा समजतं. ‘टर्न ऑफ इट’ म्हणालात तरी समोरचा दिवा बंद करेलच, त्यासाठी बोलायला घाबरायचं कारण नाही. पण काही जोड्यांत सर्वनामाची जागा हाच सगळा अर्थ असतो.

‘आय सॉ थ्रू हिम’ म्हणजे मी त्याचा कावा ओळखला. त्याच्या दिखाव्याच्या आरपार मला दिसलं. ‘आय सॉ हिम थ्रू’ म्हणजे त्याच्या कठीण काळात मी त्याच्या पाठीशी राहिले, त्याला त्यातून पार पडायला मदत केली. शब्द तेच चार, फक्त ‘हिम’ एक घर सरकलं. एका वाक्यात अविश्वास आहे आणि दुसऱ्यात आधार. मित्राचे आभार मानायला बसलेल्या माणसाने इथे जागा चुकवली तर काय होईल, विचार करा.

दुसरी जोडी ऑफिसात रोज उपयोगी पडणारी. ‘लेट्स टॉक इट ओव्हर’: या विषयावर नीट चर्चा करू. ‘डोन्ट टॉक ओव्हर हिम’: तो बोलत असताना त्याच्यावर आवाज चढवून बोलू नकोस. पहिल्यात ‘ओव्हर’ पार्टिकल आहे, दुसऱ्यात प्रिपोझिशन. पहिलं बैठकीचं आमंत्रण आणि दुसरं बैठकीतली कानउघाडणी.

आपली गाडी नेमकी कुठे अडते

यावर माझं एक ठाम मत आहे. मराठी बोलणारा माणूस ‘टर्न ऑफ इट’, ‘पिक अप यू’ म्हणतो त्याला व्याकरणाचं अज्ञान हे एकच कारण नाही. आपण हे शब्द इंग्रजी म्हणून शिकण्याआधी मराठी म्हणून शिकलेले असतो.

‘मी तुला पिकअप करतो.’ ‘जरा लॉगिन कर.’ ‘त्यांनी कंपनी टेकओव्हर केली.’ ‘बॅकअप घेतलास का?’ या वाक्यांत ‘पिकअप’, ‘लॉगिन’, ‘टेकओव्हर’ हे अखंड ठोकळे आहेत. मराठी ते नाम म्हणून घेते आणि पुढे ‘करणे’ किंवा ‘घेणे’ जोडते. हा व्यवहार सोयीचा आहे, त्यात चूक काही नाही. पण तोच माणूस इंग्रजीत बोलायला लागला की ठोकळा फुटत नाही. ‘आय विल पिकअप यू’ येतं. काही जण भूतकाळाचा प्रत्ययही ठोकळ्याच्या शेवटी लावतात, ‘आय पिकअप्ड हिम’. इंग्रजीत बदल क्रियापदात होतो आणि सर्वनाम मध्ये बसतं: ‘आय पिक्ड हिम अप’.

इंग्रजीतही ठोकळे आहेत, पण ते नाम म्हणूनच. लिहिताना हा फरक उपयोगी पडतो. ‘लॉगिन’, ‘बॅकअप’, ‘सेटअप’, ‘टेकओव्हर’ हे नाम असताना जोडून लिहितात (काही शब्दांत मध्ये छोटी रेघ येते) आणि जोर पहिल्या भागावर असतो. क्रियापद असताना ते दोन शब्द असतात: ‘लॉग इन’, ‘बॅक इट अप’, ‘सेट इट अप’, ‘टेक इट ओव्हर’. ‘प्लीज लॉगिन’ असं एका शब्दात लिहिलेलं जागोजागी दिसतं. क्रियापद म्हणून तिथे दोन शब्द हवेत.

दुसरी अडचण उसन्या पार्टिकलची. ‘कीप अप विथ’ (बरोबरीने राहणे), ‘कॅच अप विथ’ (मागून गाठणे) आणि ‘पुट अप विथ’ (सहन करणे) कानावर पडून पडून आपण ‘कोप अप विथ’ म्हणायला लागतो. ‘कोप’ला ‘अप’ लागत नाही, ‘कोप विथ इट’ एवढंच. ‘टॉक अबाउट’वरून ‘डिस्कस अबाउट’ येतं, तेही तसंच. ‘डिस्कस’च्या पोटातच ‘अबाउट’ आहे, म्हणून ‘डिस्कस इट’.

हे इंग्रजीचंच खूळ आहे का?

अजिबात नाही. जर्मनमध्ये ‘फोन करणे’साठी ‘आनरूफेन’ हे क्रियापद आहे. ‘मी तुला फोन करतो’ म्हणताना त्याचे दोन तुकडे होतात: ‘इश रूफे डिश आन’. ‘डिश’ म्हणजे ‘तुला’, आणि ते मध्ये बसलं आहे.

आणखी जवळचं उदाहरण संस्कृतातलं. ‘हार’च्या आधी ‘आ’, ‘वि’, ‘प्र’, ‘सम्’, ‘परि’ लावले की आहार, विहार, प्रहार, संहार, परिहार असे अर्थ कुठल्या कुठे जातात. उपसर्ग धातूचा अर्थ बळाने दुसरीकडे ओढून नेतो, हे जुन्या वैयाकरणांनी सांगूनच ठेवलं आहे. ‘टर्न’ला ‘अप’, ‘डाउन’, ‘ऑफ’, ‘आउट’ लागल्यावर हाजिर होणे, नाकारणे, बंद करणे, निष्पन्न होणे असे अर्थ निघतात, ते याच जातीचं आहे.

आपल्याला हे उपसर्ग धातूला घट्ट चिकटलेलेच माहीत असतात. पाणिनीचं सूत्रही तसंच आहे: ‘ते प्राग्धातोः’, म्हणजे ते धातूच्या आधी येतात. पण लगेच पुढे तो सांगतो, ‘छन्दसि परेऽपि’, वेदात ते धातूनंतरही येतात. आणि त्यापुढे, ‘व्यवहिताश्च’, मध्ये दुसरे शब्द घालूनही. ऋग्वेदाच्या पहिल्याच सूक्तातली सातवी ऋचा बघा: ‘उप त्वाग्ने दिवेदिवे दोषावस्तर्धिया वयम् । नमो भरन्त एमसि ॥’ ‘उप’ अगदी सुरुवातीला, त्याचं क्रियापद ‘एमसि’ (आम्ही येतो) अगदी शेवटी, आणि ‘उप’ला लागून लगेच ‘त्वा’, म्हणजे ‘तुला’. जोडीच्या दोन भागांमध्ये सर्वनाम. ‘पिक इट अप’ ज्याला परकं वाटतं त्याच्यासमोर मी ही ऋचा ठेवते. क्रम उलटा आहे हे खरं, पण फट तीच आहे.

जुनी इंग्रजीही असे शब्द क्रियापदाच्या पुढे चिकटवत असे. ‘अंडरस्टँड’, ‘विथस्टँड’, ‘ओव्हरकम’ हे त्या काळातले उरलेले. पुढे मागून जोडायची रीत वाढत गेली. दोन्ही रीतींचे अवशेष शेजारी ठेवून बघण्यासारखे आहेत. ‘ओव्हरटेक’ म्हणजे मागे टाकून पुढे जाणे, ‘टेक ओव्हर’ म्हणजे ताबा घेणे. ‘अपसेट’ म्हणजे अस्वस्थ करणे, ‘सेट अप’ म्हणजे उभारणे. पुढे चिकटलेलं फुटत नाही: ‘इट अपसेट हिम’. मागे जोडलेलं फुटतं: ‘सेट इट अप’.

इंग्रजी शिकणाऱ्यांना याचा जाच होतो हेही आजचं नाही. सॅम्युअल जॉन्सनने 1755 मध्ये आपला प्रसिद्ध शब्दकोश काढला. क्रियापदामागे लागणाऱ्या या छोट्या शब्दांमुळे परकीयांना सर्वांत जास्त अडचण होते, असं त्याने प्रस्तावनेतच लिहिलं आहे. ‘फ्रेझल व्हर्ब’ हे नाव मात्र बरंच नंतरचं. निबंधकार लोगन पिअरसॉल स्मिथ यांनी ते 1925 मध्ये छापलं आणि ते ऑक्सफर्ड शब्दकोशाचे संपादक हेन्री ब्रॅडली यांनी सुचवल्याचं नमूद केलं. नाव मिळायच्या कितीतरी आधीपासून ही गोष्ट लोकांना छळत होती.

‘पण इंग्रजी मातृभाषा असलेला माणूस वेगळं बोलला’

बोलला असेल. ‘फिगर आउट दिस’ असं तुम्ही ऐकलं असेल, आणि ते चालतं. ‘दिस’, ‘दॅट’ हे बोट दाखवणारे शब्द आहेत, त्यांना वजन असतं. ‘समथिंग’, ‘एव्हरीथिंग’ हेही जड. ‘क्लीन अप एव्हरीथिंग’ आणि ‘क्लीन एव्हरीथिंग अप’, दोन्ही ठीक. मधल्या जागेची सक्ती आहे ती फक्त ‘इट’, ‘हिम’, ‘देम’ अशा हलक्यांवर. त्यांनाही मुद्दाम वजन दिलं, ‘हिला नको, *त्याला* आण’ अशा ठसक्यात, तर बोलण्यात ते कधी कधी शेवटी जातात. चाल तीच आहे, जड ते शेवटी.

कुणी म्हणतं, वाक्याच्या शेवटी प्रिपोझिशन येऊच नये. मग ‘व्हॉट आर यू लुकिंग फॉर?’ चूक का? चूक नाही. या बंदीच्या मागे इंग्रज कवी जॉन ड्रायडनची 1672 मधली एक तक्रार आहे. त्याने नाटककार बेन जॉन्सनच्या लेखनात हा दोष म्हणून दाखवला, आणि पुढच्या व्याकरणवाल्यांनी तो उचलून धरला. बोलणाऱ्यांनी कधीच ऐकलं नाही. आपली चूक तर नेमकी उलटी असते, आपण शेवटचा शब्द गाळतो. ‘द हाउस आय लिव्ह’ म्हणून थांबतो. मराठीत ‘ज्या घरात मी राहते’ म्हणताना ‘-त’ घराला आधीच चिकटलेला असतो, शेवटी काही उरत नाही. इंग्रजीत तो ‘इन’ शेवटी उभा असतो: ‘द हाउस आय लिव्ह इन’.

आणि औपचारिक लेखनात फ्रेझल व्हर्ब टाळावीत, हा सल्ला अर्धाच खरा. ‘पुट ऑफ’ऐवजी ‘पोस्टपोन’, ‘टर्न डाउन’ऐवजी ‘रिजेक्ट’ जास्त भारदस्त वाटतात, कारण असे लॅटिन वळणाचे शब्द दरबार, न्यायालय आणि विद्येच्या वाटेने आले. पण ‘कॅरी आउट’, ‘पॉइंट आउट’, ‘सेट अप’ गंभीर लेखनातही सर्रास असतात, आणि त्यांना हटवून आणलेला शब्द अनेकदा बोजड होतो.

दोन शेपट्यांची क्रियापदं

‘पुट अप विथ’, ‘रन आउट ऑफ’, ‘लुक फॉरवर्ड टू’ अशा तीन शब्दांच्या साखळ्या बघून लोक धास्तावतात. खरं तर आतापर्यंत जे पाहिलं तेच इथे दोनदा आहे: आधी पार्टिकल, मग प्रिपोझिशन. शेवटचा शब्द प्रिपोझिशन असल्यामुळे सर्वनाम त्याच्या मागे. ‘पुट अप विथ इट’, ‘लुक फॉरवर्ड टू इट’.

‘लुक फॉरवर्ड टू’बद्दल थोडं थांबते, कारण अर्जांत आणि ईमेलांत ही चूक मला सर्वाधिक दिसते. ‘आय लुक फॉरवर्ड टू मीट यू’ असं लिहिलं जातं, हवं असतं ‘टू मीटिंग यू’. ‘टू’ दिसला की पुढे साधं क्रियापद, ही सवय आपल्याला ‘टू गो’, ‘टू ईट’मुळे लागलेली असते. इथला ‘टू’ मात्र प्रिपोझिशन आहे. त्याच्यामागे ‘इट’ बसतो का, एवढंच बघा. ‘लुक फॉरवर्ड टू इट’ चालतं, म्हणजे तिथे नामाची जागा आहे, आणि क्रियापदाला नामाच्या जागेवर बसायचं तर ‘इंग’ लावूनच यावं लागतं. ‘आय वॉन्ट टू इट’ होत नाही, म्हणून तिथे ‘टू मीट’.

आता एक वाक्य, ज्यात दोन सर्वनामं आणि दोन्ही चाली एकत्र आहेत: ‘डोन्ट टेक इट आउट ऑन मी.’ अर्थ, कुठला तरी राग माझ्यावर काढू नकोस. ‘आउट’ पार्टिकल, म्हणून ‘इट’ त्याच्या आधी. ‘ऑन’ प्रिपोझिशन, म्हणून ‘मी’ त्याच्या नंतर. मराठीत बघा, ‘राग काढू’मध्ये ‘काढ’ आहे आणि ‘माझ्यावर’मध्ये ‘-वर’. ‘आउट’ आणि ‘ऑन’ दोन्ही आपल्या वाक्यात आधीपासून बसलेले आहेत.

वहीत काय लिहायचं

माझी तक्रार आहे ती याद्यांबद्दल. ‘टर्न ऑफ – बंद करणे’, ‘लुक आफ्टर – काळजी घेणे’ अशी यादी अर्थ देते आणि नेमकी लागणारी गोष्ट लपवते. बरे शब्दकोश ती लपवत नाहीत. कर्म कुठे येतं ते ‘समथिंग’ किंवा ‘समबडी’ घालून दाखवतात, आणि काही कोश कर्म दोन्हीकडे चालत असेल तर दुहेरी बाणाची खूण करतात. त्या खुणेवरून नजर घसरू देऊ नका.

वहीत क्रियापद कधीच एकटं लिहू नका, ‘इट’ किंवा ‘हिम’ला त्याच्या जागेवर बसवूनच लिहा. त्या विद्यार्थिनीने त्याच संध्याकाळी जुनं पान खोडून नवं केलं. ‘गिव्ह इट बॅक’, ‘वेट फॉर हिम’, ‘पुट इट ऑफ’, ‘गेट ओव्हर इट’, ‘कम अक्रॉस इट’, ‘थिंक इट ओव्हर’. प्रत्येकाखाली जिथे ठोका पडतो तिथे पेन्सिलीने टिंब. ‘गेट ओव्हर इट’पाशी ती थबकली, कारण ठोका ‘ओव्हर’वर पडत होता आणि तरीही ‘इट’ शेवटी होता. मग तिने मागचं पान उलटून ‘लुक इन्टू इट’ काढलं, दोन्ही शेजारी शेजारी म्हणून बघितलं, आणि टिंबाऐवजी तिथे छोटी फुली केली.